खोपोलीची वीज, लॅमिंग्टन रोडचा माल

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील इलेक्ट्रॉनिक्स दुकानांचा इतिहास दुकानापासून सुरू करता येत नाही. तो विजेपासून सुरू करावा लागतो. १९१५ साली खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले पावसाचे पाणी पोलादी नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली सोडायचे, त्यावर चक्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईच्या कापडगिरण्यांना पोचवायची, अशी ती योजना होती. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरे केंद्र उभे राहिले. १९३०च्या सुमारास घाटातून पुण्यापर्यंत विजेची इंजिने धावू लागली. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या, आगगाडी या विजेवर घाट चढली. पण ज्या डोंगराच्या कुशीत ती वीज तयार होत होती, तिथल्या गावांत आणि वाड्यांत पुढे कित्येक दशके रॉकेलची चिमणीच मिणमिणत राहिली. दिव्याखाली अंधार ही म्हण इतक्या शब्दशः खरी ठरल्याची उदाहरणे थोडी असतील.

या दोन तालुक्यांचा स्वभाव या एका गोष्टीत दिसतो. मुंबई जवळ आहे, पुणे जवळ आहे, दोन्हीकडे जाणारी वाट इथूनच जाते. पण वाटेवर असणे आणि वाट्याला येणे यांत अंतर असते. ते अंतर भरून काढणारा कुणीतरी मधला माणूस लागतो. रेडिओ, टीव्ही, संगणक आणि मोबाइल या क्रमाने आलेल्या वस्तूंच्या बाबतीत हा मधला माणूस म्हणजे बाजारपेठेतला दुकानदार आणि त्याच्या दुकानात मागच्या बाजूला सोल्डरिंगची गन घेऊन बसलेला कारागीर. गेल्या दहा-बारा वर्षांत ही दुकाने ऑनलाइन खरेदीने संपवली असे सर्रास बोलले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. दुकान एकाच वेळी अनेक कामे करत असते. त्यांतली काही कामे गेली, काही राहिली आणि काही नव्याने आली. कोणते काम का गेले आणि कोणते का राहिले, हे या लेखात पाहायचे आहे.

परवान्याचा रेडिओ आणि रेडिओचा मिस्त्री

गावात वीज येण्याआधी रेडिओ आला, हे नव्या पिढीला चमत्कारिक वाटेल. पण साठच्या दशकात ट्रान्झिस्टर स्वस्त होऊ लागला आणि तो सेलवर चालत असे. त्याला तारेची गरज नव्हती. मर्फीचा रेडिओ तर याच रेल्वेमार्गावर, ठाण्याच्या कारखान्यात तयार होत होता. फिलिप्स, बुश, नेल्को ही नावे घरोघरी माहीत झाली होती. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि शेताच्या बांधावर किंवा भाताच्या खळ्यावर गाणी ऐकू येऊ लागली.

रेडिओ विकत घेणे म्हणजे मात्र केवळ पैसे देऊन वस्तू नेणे नव्हते. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे, तो पोस्टात काढावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. रेडिओ विकणाऱ्यालाही वेगळा परवाना लागे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती. अर्ज कसा भरायचा, पोस्टात कुणाकडे जायचे, पुस्तक कुठे जपून ठेवायचे, हे गिऱ्हाइकाला दुकानदारच सांगे. म्हणजे वस्तूसोबत कागद सांभाळण्याचे काम या धंद्याला पहिल्या दिवसापासून चिकटलेले होते. ही बाब लक्षात ठेवावी, कारण साठ वर्षांनंतर ती पुन्हा समोर येणार आहे.

दुसरे काम दुरुस्तीचे. त्या काळचा रेडिओ उघडला की आत काय आहे ते डोळ्यांना दिसत असे. कंडेन्सर फुगला, रेझिस्टन्स जळला, स्पीकरचा कागद फाटला, बँड बदलण्याच्या स्विचवर गंज चढला, असे ठरावीक रोग असत आणि त्यांवर ठरावीक उपाय असत. कोकणच्या पायथ्याचा पाऊस चार महिने हवेत ओल धरून ठेवतो. त्यामुळे गंजाची दुरुस्ती इथे जरा जास्तच निघे. हा कारागीर बहुधा कुणा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला किंवा पत्राने रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम केलेला असे. कॉलेजची पदवी त्याच्याकडे नसे. पण बाजारपेठेत त्याला मान होता, कारण मुका झालेला रेडिओ तो बोलता करी.

बोनस, अँटेना आणि रंगीत टीव्ही

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रातून पुण्यात प्रक्षेपण पोचले. कर्जत-खालापूर या दोहोंच्या मध्ये, आणि तेही डोंगराच्या सावलीत. शहरात घराच्या गच्चीवर साधी अँटेना लावली तरी चित्र येते. इथे उंच पाइप, त्यावर अँटेना आणि जोडीला बूस्टर अशी जमवाजमव करावी लागे. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवतो, दुसरा दारात उभा राहून निरोप पोचवतो आणि तिसरा टीव्हीसमोर बसून 'आलं, आलं… गेलं' असे ओरडतो, हा प्रसंग त्या काळी अवघ्या महाराष्ट्राने अनुभवला. डोंगराच्या पायथ्याशी तो अधिक वेळा घडे, कारण वादळवाऱ्याने अँटेना फिरली की दुकानातल्या माणसाला पुन्हा बोलवावे लागे. टीव्ही विकला म्हणजे काम संपले असे होत नसे. खरे काम तिथून सुरू होई.

गिऱ्हाईक कोण होते, हेही पाहिले पाहिजे. साठच्या दशकापासून खोपोली आणि परिसरात कारखानदारी वाढली. महिंद्र युजिनचा पोलादाचा कारखाना, झेनिथचा पोलादी पाइपांचा कारखाना, खालापूर तालुक्यातच रसायनीला केंद्र सरकारची हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स आणि जोडीला टाटांचे वीजकेंद्र व रेल्वे. महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार घेणारा कामगारवर्ग शेतीच्या या भागात उभा राहिला. १९६५च्या कायद्याने बोनस बंधनकारक झाला आणि त्याची किमान पातळी पुढे ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार अशी ठरली. दिवाळीच्या तोंडावर बोनस हातात पडे आणि बाजारपेठेत टीव्हीचे खोके दिसू लागे. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत प्रक्षेपण आले. १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' आणि पुढच्या वर्षी 'महाभारत' सुरू झाले, तेव्हा टीव्ही ही चैनीची वस्तू राहिली नाही. तो नसलेल्या घराला शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर बसावे लागे, आणि ते लागू नये म्हणून माणसे टीव्ही घेत.

रंगीत टीव्ही तेव्हा कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा महाग होता. एवढी रक्कम एकदम देणे थोड्यांनाच जमे. म्हणून दुकानदार हप्ते पाडून देई. कोणत्या कारखान्याचा पगार कोणत्या तारखेला होतो, कुणाच्या घरात लग्न आहे, कोण शब्दाचा पक्का आहे, हे त्याच्या वहीत असे किंवा डोक्यात असे. ही उधारी व्याजाच्या हिशेबाने नव्हे, ओळखीच्या हिशेबाने चाले. त्यात बुडवणारेही होतेच. पण दुकानदार आणि गिऱ्हाईक एकाच गावचे असल्याने दोघांनाही दुसऱ्या दिवशी एकमेकांचे तोंड पाहायचे होते, आणि हेच खरे तारण होते.

लॅमिंग्टन रोडचा रस्ता

हा माल येई कुठून? त्याचे उत्तर बहुतेक वेळा लॅमिंग्टन रोड. आजचे त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्थानकालगतच्या या रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकाच्या मदरबोर्डपर्यंत सर्व काही घाऊक आणि किरकोळ मिळे. कर्जतहून लोकल पकडायची, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी घ्यायची, ग्रँट रोडला उतरायचे, यादीप्रमाणे आयसी, ट्रान्झिस्टर, पिक्चर ट्यूबचे सॉकेट, रिमोट, पट्टे, हेड अशी खरेदी करून पिशवी छातीशी धरायची आणि गर्दी होण्याआधी परतीची गाडी गाठायची. मुंबई ते कर्जत १०० किलोमीटर, खोपोली आणखी १५. खोपोलीला थेट लोकल मोजक्याच, त्यामुळे कर्जतला गाडी बदलण्याची खोटी वेगळी. पुण्याकडचा मार्ग धरला तर घाट चढून बुधवार पेठेत, पासोड्या विठोबा आणि तापकीर गल्लीच्या परिसरात हाच बाजार भरलेला असे.

पण एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या गाडीने दुकानदार माल आणायला जाई, त्याच गाडीने त्याचे गिऱ्हाईक रोज नोकरीला जाई. कर्जत, नेरळ, भिवपुरी रोडहून रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाला लॅमिंग्टन रोडचा भाव तोंडपाठ असे. 'मुंबईत इतक्याला मिळतो' हे वाक्य या बाजारपेठेने ऑनलाइनच्या पन्नास वर्षे आधीपासून ऐकले आहे. म्हणजे भावाची स्पर्धा इथल्या दुकानदाराला नवी नव्हती. ती त्याच्या जन्मालाच पुजलेली होती. तरीही तो टिकला, कारण मुंबईहून टीव्ही आणणारा माणूस बिघाड झाल्यावर तो पुन्हा मुंबईला नेऊ शकत नव्हता. सव्वाशे रुपये स्वस्त मिळालेली वस्तू गर्दीच्या लोकलमधून परत नेण्याचा खर्च आणि ताप कुणालाही परवडणारा नव्हता. अंतर हेच दुकानाचे कुंपण होते.

संगणकाच्या बाबतीत हे कुंपण आणखी उंच झाले. १९८४च्या संगणक धोरणाने देशात संगणक येणे सोपे झाले. १९९५च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक व्यापार करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरचे व त्याच्या बहुतेक भागांवरचे आयात शुल्क शून्यावर आले. त्याच सुमारास, २००१ मध्ये, महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना तो आवश्यक ठरला, नोकरी शोधणारी मुले तो करू लागली आणि तालुक्याच्या गावांत संगणक वर्गांच्या पाट्या लागल्या. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आणि दहावी-बारावीची मुले एकाच बाकावर बसून माउस हातात धरायला शिकली.

या वर्गांना संगणक लागत, शाळांना लागत, झेरॉक्सच्या दुकानांना लागत. कंपनीचा तयार संगणक महाग. म्हणून सुटे भाग आणून जोडलेला 'असेंबल्ड' संगणक चाले. कॅबिनेट, एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, काचेच्या नळीचा जाडजूड मॉनिटर, हे सारे लॅमिंग्टन रोडहून पिशवीतून येई आणि कर्जत-खोपोलीच्या दुकानात जोडले जाई. इथे दुकानदार पहिल्यांदा विक्रेत्याचा उत्पादक झाला. गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणे तो संगणक बेतून देई. मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर बसवून देणे, व्हायरस काढणे, प्रिंटरच्या डबीत शाई भरणे, अचानक बंद पडलेल्या डिस्कमधून लग्नाचे फोटो वाचवणे, ही कामे रोजची. वीज जाणे-येणे आणि दाब कमी-जास्त होणे हे या भागात नेहमीचेच. २००५नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर स्टॅबिलायझर, यूपीएस आणि इन्व्हर्टर यांनी कित्येक दुकाने जगवली. ज्या तालुक्यांत शंभर वर्षांपूर्वी मुंबईसाठी वीज तयार झाली, तिथे विजेच्या अभावावर धंदा उभा राहिला, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा.

खोके गेले

२००६ मध्ये मुंबईत क्रोमाचे पहिले दुकान निघाले. १९६७ पासून मुंबईत असलेल्या विजय सेल्सने आपला पसारा वाढवला, रिलायन्स डिजिटल आले, आणि साखळी दुकाने सरकत सरकत पनवेल-कल्याणपर्यंत आली. द्रुतगती मार्गाने पनवेल जवळ आणलेच होते. हा पहिला धक्का. तरी तो 'मुंबईत इतक्याला मिळतो' याच जातीचा होता. दुकानदाराला तो कळत होता.

दुसरा धक्का वेगळ्या जातीचा होता. २००७ मध्ये सुरू झालेले फ्लिपकार्ट आणि २०१३ मध्ये भारतात आलेले अॅमेझॉन यांनी आधी पुस्तके विकली, नंतर फोन. २०१४ मध्ये मोटोरोला आणि शाओमी यांनी आपले फोन केवळ ऑनलाइन विकायला काढले. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, फ्लिपकार्टचा पहिला मोठा सेल झाला. इथे भावाचा प्रश्नच उरला नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन एका विशिष्ट फोनची मागणी करी आणि दुकानदाराकडे तो कोणत्याही भावाने उपलब्ध नसे. आजवर तो कमी नफ्यावर लढला होता. आता त्याला मालच मिळत नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? भिवंडीच्या गोदामातून निघालेला खोका कर्जतच्या दारापर्यंत येऊ लागला. ज्या अंतराने दुकान राखले होते, ते अंतर कुरियरच्या गाडीने पुसून टाकले.

कायद्याची चौकटही एकतर्फी होती. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन मंचांनी स्वतः माल न विकता केवळ बाजारपेठ पुरवावी, असा नियम २०१६ मध्ये स्पष्ट झाला, आणि डिसेंबर २०१८च्या सुधारणेने खास एका मंचापुरत्या विक्रीवर निर्बंध आणले. व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२०मध्ये चौकशीचा आदेश दिला. पण छोट्या दुकानदाराने स्वतः त्या मंचावर जायचे म्हटले, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी त्याला सक्तीची होती. लहान व्यापाऱ्यांसाठीच्या आपसमेळ योजनेतला दुकानदार तिथे विकूच शकत नव्हता. राज्याअंतर्गत विक्रीपुरती ही अट १ ऑक्टोबर २०२३ पासून शिथिल झाली. तोवर फोनच्या बाजारातली जागा ठरून गेली होती.

तिसरे कारण बाजाराचे नसून वस्तूच्या पोटातले होते, आणि लेखकाच्या मते ते सर्वांत खोल आहे. काचेच्या नळीचा टीव्ही गेला आणि सपाट पडद्याचा आला. त्याचा पॅनेल गेला, तर नवा पॅनेल जवळजवळ नव्या टीव्हीच्या किमतीला पडतो. फोनची बॅटरी आत चिकटवलेली आली. सुट्या भागांऐवजी नखाएवढ्या चिपा आल्या, ज्या साध्या सोल्डरिंग गनने काढता येत नाहीत. लॅपटॉपची रॅम बोर्डवरच जडवलेली येऊ लागली. ज्या कारागिराच्या बोटांवर दुकान उभे होते, त्याला वस्तूने आपले दारच बंद केले. विक्रीचा नफा आधीच बारीक झाला होता. दुरुस्तीचा नफाही गेला, तेव्हा अनेकांनी दुकानाची पाटी बदलली. त्याच काळात गिऱ्हाइकाच्या खिशालाही कात्री लागली. २०१७ मध्ये केंद्राने हिंदुस्तान ऑरगॅनिकच्या रसायनी प्रकल्पाचे बहुतेक काम बंद करण्याचा निर्णय घेतला. १९८०च्या दशकात टीव्ही बनवणारी औरंगाबादची व्हिडिओकॉनही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचे कारखाने आणि सेवाकेंद्रे यांवर विसंबलेल्या साखळीचा एक दुवा निखळला.

जगात इतरत्र काय झाले

हे केवळ कर्जत-खोपोलीत घडले नाही. अमेरिकेत १९२१ साली स्थापन झालेली आणि हौशी रेडिओवाल्यांना सुटे भाग विकून मोठी झालेली रेडिओशॅक ही कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिने सुटे भाग मागे सारून फोन विकायला घेतले होते, आणि फोन तर सगळेच विकत होते. कॅलिफोर्नियातल्या फ्राइज या प्रचंड दुकानांच्या साखळीने फेब्रुवारी २०२१ मध्ये एका रात्रीत सर्व दारे बंद केली. याउलट बेस्ट बाय टिकली. २०१३ मध्ये तिने ऑनलाइनचा भाव दुकानात द्यायला सुरुवात केली, आणि घरी येऊन वस्तू बसवून देणारे व दुरुस्त करणारे पथक तिने २००२ मध्येच विकत घेऊन ठेवले होते.

टोकियोच्या अकिहाबाराचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. महायुद्धानंतर तिथे रस्त्याच्या कडेला रेडिओचे सुटे भाग विकणारे बसत. त्यांना रस्त्यावरून उठवले, तेव्हा त्यांनी रेल्वेमार्गाच्या खाली, खांबांच्या मधल्या जागेत हाताएवढे गाळे थाटले. जवळच्या अभियांत्रिकी शाळेतली मुले भाग घेऊन जात आणि रेडिओ जोडत. पुढे तिथे जगातला मोठा इलेक्ट्रॉनिक्स बाजार उभा राहिला. आज त्यातली बरीच जागा खेळणी आणि चित्रकथांनी व्यापली आहे, तरी सुट्या भागांचे काही गाळे शिल्लक आहेत. जिथे तोटा आला तो तयार खोके विकण्यात. जिथे तग धरली ती ज्ञान आणि सुटा भाग एकत्र मिळण्यात. आपल्याकडेही हेच घडले.

काय राहिले, काय नव्याने आले

आज या बाजारपेठांमध्ये चार प्रकारची कामे दुकानांना धरून आहेत.

पहिले काम बसवून देण्याचे. सीसीटीव्ही, वायफाय, इन्व्हर्टर, सौर पॅनेल, वातानुकूलन यंत्र या वस्तू कुरियरने येतील, पण भिंतीला भोक पाडायला आणि तार ओढायला माणूस लागतो. कर्जत परिसरात मुंबईकरांची फार्महाउसे झाली. मालक आठवड्यातून एकदा येतो आणि उरलेले दिवस घरावर नजर ठेवायला त्याला कॅमेरा हवा असतो. पावसाळ्यात वीज कडाडली आणि राउटर गेला की फोन करायला जवळचा माणूस हवा असतो. मुंबईच्या पैशावर चालणारे हे काम मुंबईतून होऊ शकत नाही. शंभर वर्षांत पहिल्यांदा अंतर कर्जतच्या बाजूने उभे राहिले आहे.

दुसरे काम मोबाइलच्या दुरुस्तीचे. टीव्हीच्या कारागिराला दार बंद झाले, पण फोनच्या काचेने नवे दार उघडले. डिस्प्ले बदलणे, चार्जिंगची पिन बदलणे, बॅटरी बदलणे, काच चिकटवणे ही कामे अजून हाताने होतात. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि गरम हवेचे यंत्र आले. जुन्या उस्तादाची जागा व्हिडिओ पाहून शिकलेल्या तरुणाने घेतली.

तिसरे काम कागदाचे. रेडिओच्या परवान्याच्या काळातले काम इथे नव्या रूपात परतले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानंतर सरकारी सेवा ऑनलाइन येत गेल्या; २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पीक विमा, शिष्यवृत्ती, प्रवेश अर्ज, आधारची जोडणी, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना, या प्रत्येक वेळी संगणक, प्रिंटर आणि अर्ज भरू शकणारा माणूस असलेल्या दुकानांपुढे रांगा लागल्या. जिच्याकडे साधा फोन आहे अशा वाडीतल्या बाईला 'ऑनलाइन' या शब्दाचा अर्थ अजूनही 'बाजारातले दुकान' असाच आहे.

चौथे काम उधारीचे, आणि इथे उलटा फेरा आला. वहीतल्या उधारीची जागा बजाज फायनान्ससारख्या वित्तकंपन्यांच्या मासिक हप्त्याने घेतली. क्रेडिट कार्ड नसलेल्या कामगाराला किंवा शेतकऱ्याला असा हप्ता मिळवायचा तर कागद घेऊन दुकानाच्या काउंटरवर यावे लागते. तिथे कंपनीचा मुलगा बसलेला असतो. त्यामुळे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचे गिऱ्हाईक पुन्हा दुकानात आले. मात्र हप्ता चुकला तर पूर्वी दुकानदार 'पुढच्या पगाराला दे' म्हणे. आता दंड लागतो आणि नाव पतनोंदीत जाते. गिऱ्हाईक राहिले, ओळखीचे तारण गेले.

ज्या फोन कंपन्यांनी दुकानाला वळसा घातला होता, त्याही परत फिरल्या. ओप्पो आणि विवो यांनी तर सुरुवातीपासून तालुक्याच्या दुकानांवर आपल्या हिरव्या-निळ्या पाट्या चढवल्या आणि त्यांचा फोन गावोगाव गेला. ते पाहून शाओमीनेही २०१७ पासून दुकानांची वाट धरली. दुकानाविना आडगावात विक्री वाढत नाही, हे ऑनलाइनवर मोठ्या झालेल्या कंपनीनेच मान्य केले.

सरकारनेही एकदा ते नकळत मान्य केले. करोनाच्या टाळेबंदीत १५ एप्रिल २०२० रोजी केंद्राने काढलेल्या आदेशात ऑनलाइन विक्रीला मुभा दिली होती. व्यापाऱ्यांनी ओरड केल्यावर चार दिवसांत जीवनावश्यक नसलेल्या मालापुरती ती मागे घेतली. पण त्याच आदेशात इलेक्ट्रिशियन, नळकारागीर, मोटार मेकॅनिक आणि सुतार यांच्या रांगेत संगणक दुरुस्त करणाऱ्यालाही काम करण्याची परवानगी होती, आणि ती कायम राहिली. प्रत्यक्षात जागोजागी किती मोकळीक मिळाली हा वेगळा भाग. परंतु विक्री थांबली तरी चालेल, दुरुस्ती थांबून चालणार नाही, ही समज त्या ओळीत होती. पुढे शाळा फोनवर भरू लागल्या, तेव्हा घरातला एकुलता एक फुटका फोन चालू ठेवण्यावर मुलाचे वर्ष अवलंबून होते.

पुढचा प्रश्न

पनवेल आणि कर्जत यांना जोडणारा सुमारे ३० किलोमीटरचा उपनगरी रेल्वेमार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. तो चालू झाला की मोठी दुकाने आणखी जवळ येतील आणि नवी वस्तीही येईल. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून मोठे टीव्ही आणि वातानुकूलन यंत्रे यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दिवाळीच्या विक्रीला त्याचा हात लागला. पण दुकान टिकेल की नाही हे रेल्वेमार्गावर किंवा कराच्या दरावर ठरणार नाही. ते सुटा भाग मिळतो की नाही यावर ठरेल.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी, ही त्यामागची भूमिका. पण ते भाग कंपनीच्या अधिकृत केंद्रापुरतेच राहिले, तर त्याचा लाभ ज्या शहरांत अशी केंद्रे आहेत त्यांनाच. कशेळे, कडाव, वावोशीच्या गिऱ्हाइकाला त्यासाठी पुन्हा गाडी पकडावी लागेल. शिवाय जे दुरुस्त होत नाही त्याचा ढीग वाढतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण तालुक्याच्या गावात जुना टीव्ही बहुतेक वेळा भंगारवाल्याच्या हातगाडीवरच चढतो.

आणखी एक तोटा आकड्यांत दिसत नाही. रेडिओच्या मिस्त्रीपासून संगणक जोडणाऱ्यापर्यंत प्रत्येक पिढीने दुकानाच्या मागच्या टेबलावर पुढच्या पिढीला शिकवले. दहावी नापास झालेला मुलगा तिथे झाडू मारण्यापासून सुरुवात करी आणि चार वर्षांत स्वतःचे दुकान टाकी. खोके विकणाऱ्या दुकानात असे टेबल नसते. कुरियरच्या गोदामात हजारो हात लागतात, पण तिथे वस्तू उघडून पाहायची मुभा नसते. इथले मागचे टेबल शिल्लक राहिले तर दुकानही राहील, मग पुढच्या काउंटरवर टीव्ही असो, कॅमेरा असो वा आणखी काही. खोपोलीची वीज मुंबईला आधी मिळाली. ती वीज वापरणारी वस्तू उघडून नीट करण्याची विद्या मात्र कर्जत-खोपोलीने आपल्या बाजारपेठेत स्वतः उभी केली होती. तिला अजून कुठल्याही गोदामातून पाठवता आलेले नाही.